महसूल की निर्बंध? भारतीय गांजा आयोग (१८९३-९४) आणि गांजा-अबकारीचे अर्थकारण

प्रस्तावना

गांजाची लागवड व विक्री कायद्याच्या कक्षेत आणावी की नाही, या प्रश्नावर एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून जी चर्चा झाली, तिच्यात नैतिक व वैद्यकीय मुद्द्यांपेक्षा आर्थिक युक्तिवाद हळूहळू पुढे आला. २००५ मध्ये अमेरिकन अर्थतज्ज्ञ जेफ्री मायरन यांनी असा हिशेब मांडला की, बंदी उठविल्यास अमेरिकेचा पोलीस, न्यायालये व तुरुंग यांवरील वार्षिक ७.७ अब्ज डॉलर खर्च वाचेल. आणि मद्य व तंबाखू यांच्या धर्तीवर कर बसविल्यास ६.२ अब्ज डॉलर महसूल मिळेल. या हिशेबाच्या आधारे चर्चा व्हावी असे आवाहन करणाऱ्या पत्रावर पाचशेहून अधिक अर्थतज्ज्ञांनी सह्या केल्या. त्यात मिल्टन फ्रीडमन यांचीही सही होती.

हा युक्तिवाद आधुनिक अर्थशास्त्राची देणगी आहे, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. तो बरोबर नाही. बंदीचा खर्च, चोरटा व्यापार, बंदीनंतर लोक कोणत्या नशेकडे वळतील याचा अंदाज आणि कराचा योग्य दर, हे चारही मुद्दे एकत्र घेऊन त्यांची तपशीलवार छाननी १८९३-९४ मध्ये हिंदुस्थानात झाली होती. भारतीय गांजा आयोगाचा सात खंडांचा, तीन हजारांहून अधिक पृष्ठांचा अहवाल हे तिचे फलित होय. या अहवालाचा मुख्य भाग १९६९ मध्ये अमेरिकेत पुनर्मुद्रित झाला आणि तेथील वादात त्याचा आधार वारंवार घेतला गेला. आपल्याकडे मात्र तो अभिलेखागारातील एक वसाहतकालीन दस्तऐवज एवढाच राहिला. प्रस्तुत लेखात या आयोगाच्या आर्थिक विचाराचा परामर्श घेतला असून, त्यातील कोणता भाग काळाच्या कसोटीला उतरला आणि कोणता भाग त्याच्या पुरस्कर्त्यांवरच उलटला, हे तपासले आहे.

आयोगाची नियुक्ती

आयोगाचा उगम हिंदुस्थानात नव्हे, तर लंडनमध्ये झाला. मद्यपानविरोधी चळवळीतील खासदार विल्यम स्प्रॉस्टन केन यांनी २ मार्च १८९३ रोजी ब्रिटिश संसदेत बंगालमधील गांजाची लागवड, व्यापार व त्याचे सामाजिक-नैतिक परिणाम यांची चौकशी करण्याची मागणी केली. केन हिंदुस्थानात येऊन गेलेले होते, येथील राष्ट्रीय सभेच्या नेत्यांशी त्यांचा परिचय होता आणि सरकार अबकारीच्या उत्पन्नासाठी लोकांना व्यसन लावते हा त्यांचा जुना आरोप होता. त्याच वर्षी अफूच्या प्रश्नावर स्वतंत्र शाही आयोग नेमला गेला, हे ध्यानात घेतले म्हणजे या मागणीमागील राजकीय वातावरण स्पष्ट होते.

हिंदुस्थान सरकारने चौकशी केवळ बंगालपुरती न ठेवता सर्व ब्रिटिश हिंदुस्थानासाठी केली आणि जुलै १८९३ मध्ये सात सदस्यांचा आयोग नेमला. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग अध्यक्ष होते. मुंबई इलाख्यातून पंचमहालचे कलेक्टर ओमॅनी, मध्य प्रांतातून छत्तीसगडचे कमिशनर फ्रेझर आणि कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक वॉर्डन हे अन्य युरोपीय सदस्य होते. ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर राय, पंजाबचे कुंवर हरनामसिंग आणि मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद हे तीन हिंदी सदस्य होते. आयोगाची पहिली बैठक ऑगस्ट १८९३ मध्ये कलकत्त्यास झाली आणि बरोबर एका वर्षाने सिमल्यास अहवालावर सह्या झाल्या. या काळात १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदविले गेले. त्यात कलेक्टर, सिव्हिल सर्जन, मिशनरी, वकील, वैद्य, हकीम, शेतकरी, मक्तेदार आणि बैरागीही होते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्बेल यांनी भांगेच्या धार्मिक महत्त्वावर लिहिलेले टिपण या अहवालास जोडलेले आहे. अबकारीच्या अहवालात शिवाच्या भक्तीवरील निबंध यावा, ही गोष्ट त्या काळच्या नोकरशाहीच्या विद्याव्यासंगाची खूणच म्हणावी लागेल.

वजनावर कर की मक्त्याचा लिलाव?

आयोगापुढे मांडला गेलेला सर्वांत महत्त्वाचा पुरावा डॉक्टरांचा नव्हता, तर महसूल खात्याचा होता. वेगवेगळ्या प्रांतांत गांजावर कर घेण्याच्या पद्धती इतक्या भिन्न होत्या की, एकाच वस्तूवरील करआकारणीचे जणू अनेक प्रयोग समोर मांडलेले होते. आयोगाने त्यांची तुलना केली आणि हेच त्याचे खरे योगदान ठरले.

बंगालमध्ये १७९३ पासून मादक पदार्थांची विक्री परवान्याखाली आणली गेली होती आणि १८५३ पासून गांजावर वजनाप्रमाणे कर घेण्यास प्रारंभ झाला. लागवड राजशाही जिल्ह्यातील नौगावच्या परिसरात एकवटलेली होती. या पट्ट्याला गांजा-महाल असेच म्हटले जाई. उत्तम गांजासाठी शेतातील नर झाडे फुलोरा येण्यापूर्वीच ओळखून उपटून टाकावी लागत, कारण मादीच्या फुलात बी धरले की राळ कमी होते आणि माल उतरतो. झाडांची ही पारख करणारे निष्णात लोक होते व त्यांना पोद्दार म्हणत. काढणीनंतर माल दाबून चपटा किंवा वळून गोल केला जाई आणि त्यातून गळालेला भाग चूर म्हणून वेगळा ठेवला जाई. चपट्या गांजात काड्यांचे प्रमाण अधिक, गोलात कमी आणि चुरात जवळपास नाहीच. म्हणून सरकारने तिन्हींसाठी चढते दर ठेवले होते. हेमचंद्र कर या डेप्युटी कलेक्टरांनी १८७७ मध्ये लिहिलेल्या अहवालात या व्यवस्थेचे बारकावे नोंदविले आहेत. दर वजनावर असला तरी तो मालाच्या कसाशी जुळविण्याचा हा प्रयत्न होता. आजही गांजावरील कर वजनावर घ्यावा, किमतीवर घ्यावा की त्यातील मादक द्रव्याच्या प्रमाणावर, हा वाद चालू आहे. नौगावच्या कारकुनांनी त्याची आपल्यापुरती सोडवणूक केलेली होती.

मुंबई इलाख्यातील व्यवस्था याहून अगदी निराळी होती. येथे १८७८ च्या अबकारी कायद्याखाली किरकोळ विक्रीचा मक्ता लिलावाने देण्यावर मुख्य भर होता. गांजाची लागवड नगर (आजचा अहिल्यानगर), सातारा आदी जिल्ह्यांत होत असे. शेतकरी तो इतर पिकांप्रमाणेच काढीत आणि खळ्यावर पसरून पायांनी तुडवून त्याच्या चपट्या जुड्या करीत. मक्तेदार त्यांच्याकडून माल खरेदी करी आणि आपल्या हद्दीतील दुकानांतून विके. मक्त्याची रक्कम सरकारजमा झाली म्हणजे सरकारचा त्या मालाशी फारसा संबंध उरत नसे. परिणामी बंगालच्या मानाने मुंबईत गांजा पुष्कळ स्वस्त होता आणि तो प्रत्यक्षात किती खपतो याची खात्रीलायक नोंदही नव्हती.

मध्य प्रांताने मधला मार्ग पत्करला होता. निमाड जिल्ह्यात खांडव्याच्या आसपासच लागवडीला परवानगी देऊन, माल सरकारी देखरेखीखालील गोदामांत आणावयाचा आणि तेथून विक्रेत्यांना द्यावयाचा, अशी ती पद्धत होती.

या दोन टोकांमधील फरक वरवर प्रशासकीय वाटतो, परंतु त्यामागे एक आर्थिक तत्त्व आहे. एका कल्पित उदाहरणाने ते स्पष्ट करता येईल. समजा, एखाद्या मक्तेदाराने एक हजार रुपयांना मक्ता घेतला आणि वर्षात शंभर शेर गांजा विकला, तर प्रत्येक शेरावर दहा रुपये कर पडला. त्याने दोनशे शेर विकला, तर तोच कर पाच रुपयांवर येतो. म्हणजे अधिक विकणाऱ्याला बक्षीस मिळते. मक्त्याची रक्कम एकदा भरून झाली की पुढचा प्रत्येक शेर विकण्यात त्याचा निव्वळ फायदाच असतो. याउलट वजनावर कर असेल तर पहिल्या शेरावर जेवढा भार, तेवढाच शेवटच्या शेरावर पडतो आणि ग्राहकाला मिळणारी किंमत खपाबरोबर उतरत नाही. केवळ मक्त्याच्या पद्धतीतील हा दोष आयोगाने नेमका ओळखला. मात्र मक्त्याचा लिलाव पूर्णपणे रद्द करावा असे त्याने म्हटले नाही. विक्रेत्याची मक्तेदारी असताना त्याला होणारा जादा नफा लिलावातून सरकारकडे यावा आणि खपावरचा लगाम वजनावरील करातून मिळावा, अशी दोन्हींची सांगड त्याने सुचविली. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ही भेदरेषा आज सर्वपरिचित आहे. परंतु १८९४ मध्ये ती एखाद्या सिद्धांतातून नव्हे, तर जिल्ह्याजिल्ह्यांच्या हिशेबवह्यांतून काढलेली होती.

बंदीच्या विरोधातील हिशेब

आयोगाने गांजावर संपूर्ण बंदी घालणे आवश्यकही नाही आणि इष्टही नाही, असा निष्कर्ष काढला. त्याची कारणे चार होती: प्रत्यक्ष परिणामांचे सिद्ध झालेले स्वरूप, सवयीचा प्रसार, लोकांच्या सामाजिक व धार्मिक भावना, आणि बंदीमुळे लोक अधिक घातक मादक पदार्थांकडे वळण्याची शक्यता.

यांपैकी पहिल्या कारणाच्या छाननीसाठी आयोगाने जे केले, ते संशोधनपद्धतीच्या दृष्टीने आजही वाचनीय आहे. गांजामुळे वेड लागते, ही समजूत त्या काळी वेड्यांच्या इस्पितळांच्या आकडेवारीवर उभी होती. १८९२ मध्ये अशा इस्पितळांत दाखल झालेल्या १,३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण गांजा असे नोंदविलेले होते. आयोगाने प्रत्येक प्रकरणाचे कागद मागविले, शक्य तेथे नातेवाइकांकडे चौकशी केली आणि असे आढळले की, कारणाचा रकाना बहुधा पोलिसांच्या माहितीवर भरलेला असे. अन्य कारण सापडले नाही की गांजा लिहून मोकळे होण्याचा प्रघात पडला होता. तपासाअंती २२२ पैकी ९८ प्रकरणे उरली. त्यांतही काहींत गांजाखेरीज इतर कारणे मिसळलेली होती. एकूण दाखल रुग्णांच्या तुलनेत हे प्रमाण ७.३ टक्के होते. माकडांना गांजाचा धूर देऊन त्यांच्या मेंदूची तपासणी करण्याचेही प्रयोग झाले. त्यांचे महत्त्व मात्र या कागदी तपासाइतके नाही.

हानी शून्य आहे असे आयोगाने कधीच म्हटले नाही. माफक सेवन हा नियम आणि अतिरेक हा अपवाद, असा भेद करून अतिरेकाचे दुष्परिणाम त्याने मान्य केले. पण धोरण ठरविताना प्रश्न ‘हानी आहे काय’ हा नसून ‘बंदीने ती किती टळेल आणि त्यासाठी काय मोजावे लागेल’ हा आहे, ही त्याची भूमिका होती. गांजा हे श्रमिक, फिरस्ते व बैरागी यांचे स्वस्त व्यसन होते. तो हिरावून घेतल्यास ते मद्याकडे किंवा धोत्र्यासारख्या विषारी वनस्पतींकडे वळतील, ही भीती अनेक साक्षींतून व्यक्त झाली. शिवाय हे झाड हिमालयाच्या पायथ्याशी आपोआप उगवते. चरस यारकंदहून लेहमार्गे येतो. संस्थानांच्या हद्दी ब्रिटिश मुलखाला जागोजागी खेटलेल्या आहेत. ओरिसातील गढजात संस्थानांतून आणि नेपाळातून करमुक्त गांजा बंगालमध्ये चोरून आणला जात होताच. अशा भूगोलात बंदी राबवावयाची म्हणजे गावोगाव पोलीस व झडत्या आणि त्यांच्यामागोमाग येणारी लाचलुचपत, हे महसूल खात्यात आयुष्य घालविलेल्या सदस्यांना सांगण्याची गरज नव्हती.

या विवेचनातील एक मुद्दा विशेष लक्षणीय आहे. चोरट्या व्यापाराची भीती आयोगाने केवळ बंदीच्या विरोधात वापरली नाही. ती कराच्या वरच्या मर्यादेलाही लागू केली. कर इतका असावा की खप आवरला जाईल, परंतु इतका नसावा की संस्थानातून पोते आणणाऱ्याचा धंदा तेजीत येईल. म्हणून दर हळूहळू वाढवावा, प्रांताप्रांतांतील तफावत कमी करावी, लागवड मोजक्या क्षेत्रात एकवटावी, दुकानांची संख्या मर्यादित ठेवावी आणि एका व्यक्तीजवळ किती माल असावा याला मर्यादा घालावी, अशा शिफारशी त्याने केल्या. हिंदुस्थान सरकारने १८९५ मध्ये त्या मुख्यतः स्वीकारल्या आणि पुढील काळात मुंबई इलाख्याची व्यवस्थाही क्रमाने याच नमुन्याकडे सरकली.

राजा शशिशेखरेश्वर राय आणि लाला निहालचंद यांनी बहुमताशी असहमती दर्शविणारी स्वतंत्र टिपणे जोडली. तिघा हिंदी सदस्यांपैकी दोघांना गांजा व चरस यांची हानी अहवालात सांगितली आहे त्याहून अधिक वाटत होती. परदेशी नैतिकता एका बाजूला आणि देशी परंपरा दुसऱ्या बाजूला, असे या वादाचे सोपे चित्र रंगविणाऱ्यांनी ही दोन टिपणे अवश्य विचारात घ्यावीत.

महसुलाची अडचण

आयोगाच्या अहवालात एक गोष्ट मात्र सुटलेली नाही, ती केवळ टाळलेली आहे. कर हे खप आवरण्याचे साधन आहे असे सरकार म्हणत होते. परंतु ते साधन यशस्वी झाले तर उत्पन्न घटते आणि अयशस्वी झाले तर वाढते. मग ज्याला उत्पन्न हवे आहे, त्याला यश कितपत हवे असणार? जेम्स मिल्स यांनी २००३ मधील आपल्या ‘कॅनाबिस ब्रिटानिका’ या ग्रंथात गांजाविषयीच्या ब्रिटिश धोरणाचा विचार याच व्यापारी व महसुली हितसंबंधांच्या चौकटीत केला आहे. सर्वच साक्षीपुरावा महसुलासाठी वाकविला गेला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण इस्पितळांच्या नोंदींची फेरतपासणी कोणीही करून पाहावी अशी आहे. तथापि न्यायनिवाडा करणाऱ्याचाच त्यात पैसा गुंतलेला असेल, तर निवाडा योग्य असूनही त्यावर विश्वास बसत नाही. केन यांचा आक्षेप मुळात हाच होता.

महाराष्ट्रात हा अविश्वास गांजापेक्षा दारूच्या निमित्ताने प्रकट झाला. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी शहरात दारूची दुकाने वाढविण्यास लेखी विरोध केला होता. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या नेतृत्वाखाली पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झाले. पुढे असहकाराच्या चळवळीने तोच मार्ग देशभर नेला. अबकारी हे सरकारी उत्पन्नाचे ठळक साधन असल्यामुळे व्यसनमुक्ती आणि राजकीय प्रतिकार ही दोन कामे एकाच पहाऱ्याने साधत होती. १९१९ च्या सुधारणांनंतर तर पेच आणखी वाढला. अबकारी आणि शिक्षण ही दोन्ही खाती प्रांतिक हिंदी मंत्र्यांकडे आली. शाळा काढावयाच्या तर पैसा गुत्त्यांतून यावयाचा, ही स्थिती महात्मा गांधींना लाजिरवाणी वाटली आणि १९३७ मध्ये नई तालीमची मांडणी करताना त्यांनी या दुव्यावरच बोट ठेवले.

आयोगाच्या युक्तिवादाचे दोन पदर येथे एकमेकांपासून वेगळे करावे लागतात. बंदी महाग पडते, ती चोरट्या व्यापाऱ्याला पोसते आणि गरिबाला अधिक वाईट नशेकडे ढकलते, हा एक पदर होय. गांजातून सरकारला उत्पन्न मिळते, हा दुसरा. पहिल्या पदराला १८९४ नंतर कोणी समर्थपणे खोडून काढले नाही. दुसऱ्याने मात्र संपूर्ण व्यवस्थेची नैतिक पत घालविली. ज्या सरकारला लोक परके मानत होते त्याच्या तिजोरीत भर पडते, हेच त्या व्यवस्थेविरुद्धचे सर्वांत प्रभावी विधान ठरले. आज गांजा कायदेशीर करण्याच्या बाजूने बोलताना महसुलाचे मोठमोठे आकडे पुढे केले जातात, तेव्हा आपण आपल्या युक्तिवादाची सर्वांत कच्ची बाजू पुढे करीत आहोत याची जाणीव बोलणाऱ्यांना क्वचितच असते.

नियंत्रणाकडून निषेधाकडे

१९२५ च्या जिनिव्हा अफू परिषदेत इजिप्तच्या पुढाकाराने गांजा आंतरराष्ट्रीय कराराच्या कक्षेत आला. हिंदुस्थान सरकारने देशांतर्गत सेवनावर बंदी स्वीकारण्यास नकार दिला तो १८९४ च्या अहवालाच्या बळावरच. परंतु स्वातंत्र्यानंतर पारडे फिरले. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात मद्याबरोबर गांजा-भांगेचाही समावेश झाला. घटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेये व द्रव्ये यांच्या बंदीला राज्याच्या धोरणाचे मार्गदर्शक तत्त्व मानले. १९६१ च्या मादक द्रव्यविषयक करारानुसार, परंपरेने गांजा वापरणाऱ्या देशांना त्याचे अवैद्यकीय सेवन थांबविण्यासाठी २५ वर्षांची मुदत मिळाली. पाने मात्र कराराच्या व्याख्येबाहेर ठेवली गेली आणि त्यात भारताच्या आग्रहाचा मोठा वाटा होता. १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमलात आलेल्या अमली पदार्थविषयक कायद्याने हीच विभागणी पुढे चालविली. त्यामुळे भांगेचे दुकान परवान्याने चालू शकते, पण त्याच झाडाच्या फुलोऱ्यासाठी कैद होते. आयोगाने मांडलेली भांग, गांजा, चरस ही चढती श्रेणी या कायद्यात शिल्लक राहिली. त्या श्रेणीनुसार कर आकारण्याची कल्पना तेवढी गेली.

बंदीने खप थांबला काय? अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, देशात सुमारे ३.१ कोटी लोकांनी आधीच्या वर्षात या झाडाच्या कोणत्या ना कोणत्या पदार्थाचे सेवन केले होते. त्यांपैकी सुमारे १.३ कोटी लोकांनी बंदी असलेला गांजा किंवा चरस वापरला होता. या मालाचे वजन, कस वा किंमत यांची नोंद कोणत्याही सरकारी वहीत नाही. खपाची नोंद नसणे हाच मुंबईच्या जुन्या मक्ता पद्धतीवरील आयोगाचा एक मुख्य आक्षेप होता.

परदेशांतील अलीकडचे अनुभवही १८९४ च्या निष्कर्षांना पूरक आहेत. कॅलिफोर्नियात करांचा एकूण भार इतका झाला की चोरटा बाजार तग धरून राहिला आणि २०२२ मध्ये तेथील राज्याला लागवडीवरील कर रद्द करावा लागला. उरुग्वेने २०१३ च्या कायद्याने उलट वाट धरली. तेथे परवानाधारक उत्पादकांकडून मोजका माल घेऊन तो औषधांच्या दुकानांतून सरकारने ठरविलेल्या किमतीला विकला जातो, आणि ती किंमत महसुलासाठी नव्हे, तर चोरट्या बाजाराला हरविण्यासाठी कमी ठेवलेली आहे. केंद्रित लागवड, सरकारी देखरेख, खरेदीवर मर्यादा: नौगावच्या गोदामातील एखाद्या दारोग्याला यातील बहुतेक गोष्टी परिचित वाटल्या असत्या.

लागवड करणारा

या सर्व हिशेबांत एक घटक मागे राहतो. आयोगाने लागवड एकवटण्याची शिफारस केली ती देखरेख सोपी व्हावी म्हणून. साताऱ्याच्या किंवा अन्य जिल्ह्याच्या शेतकऱ्याने एक जुने पीक सोडावे, याची भरपाई काय, हा प्रश्न विचारलाच गेला नाही. मुंबई इलाख्यात पुढे ही लागवड प्रामुख्याने नगर जिल्ह्यात राहिली. इतरांनी ते पीक सोडले. परवाना हा येथे हक्क नव्हता, ती एक मेहेरनजर होती, आणि ज्याच्या शेतात अधिकारी केव्हाही मोजणीला येऊ शकतो त्याची व्यापाऱ्यापुढे घासाघीस करण्याची ताकद किती, हे सांगावयास नको.

उत्तराखंडने २०१८ मध्ये धाग्यासाठीच्या भांग लागवडीला परवाना दिला आणि हिमाचल प्रदेशच्या विधानसभेने २०२४ मध्ये औषधी व औद्योगिक लागवडीस अनुकूल असा समितीचा अहवाल स्वीकारला. दोन्हीकडे डोंगरी शेतकऱ्याच्या उत्पन्नाचे कारण पुढे करण्यात आले आहे. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला सर्वाधिक कडक नियंत्रणाच्या यादीतून काढले, तेव्हा भारताने ठरावाच्या बाजूने मत दिले होते. परंतु परवाना कोणाला, खरेदी कोण करणार, भाव कोण ठरविणार, माल नाकारला गेल्यास तोटा कोणाचा, या प्रश्नांवरच अशा योजनांचे शेतकऱ्यासाठीचे मोल ठरेल.

नौगावात याचे एक उत्तर सापडले होते. तेथील उत्पादकांनी १९१७ मध्ये गांजा उत्पादकांची सहकारी संस्था स्थापन केली आणि दलाल व गोलादार यांना बाजूला सारून विक्री आपल्या हाती घेतली. लागवडीवरील सरकारी नियंत्रण होते तसेच राहिले, करही राहिला. बदलला तो मधल्या नफ्याचा मालक. संस्थेने त्या नफ्यातून शाळा चालविल्या, दवाखाने उघडले, रस्ते बांधले. फाळणीनंतर नौगाव पूर्व पाकिस्तानात आणि १९७१ नंतर बांगलादेशात गेले. १९८७ मध्ये तेथील लागवडीवर बंदी आली आणि संस्थेचा मूळ व्यवसाय संपला. तिने उभारलेल्या इमारती त्या गावात अजून आहेत.